लाल गवताचं बी म्हणून बाजरी विकतात, सावध राहा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात बागेची हौस असलेल्यांसाठी लिहितेय. जांभळट लाल पात्यांचं, झुपकेदार तुऱ्यांचं फाउंटन गवत रिसॉर्टच्या दारात बघितलं असेल. त्याचं 'बी' आता प्रदर्शनातल्या स्टॉलवर मिळायला लागलंय. घेऊ नका.

आम्ही घेतलं त्या टेबलावर खऱ्या गवताची डेरेदार कुंडी होती, शेजारी पाकिटांची चळत. कुंडीच द्या म्हटलं तर, "ते सॅम्पल हाय वहिनी. बी न्या, दोन महिन्यात अस्संच होतंय." एक पाकीट २५० ला, दोन ४०० ला. दाणे गुलाबी. औषध लावलंय, पेरल्यावर हात धुवा, असा प्रेमाचा सल्लाही वर फुकट!

रात्री वाटीत भिजत घातलं. सकाळी पाणी गुलाबी, आणि तळाशी राखाडी, एका टोकाला निमुळते दाणे. सासूबाई अथणीकडच्या. त्यांनी एक दाणा नखानं दाबला आणि म्हणाल्या, "अगं, बाजरी हाय की ही!" तरी मुद्दाम चार कुंड्यांत पेरली. हिरवीगार बाजरी आली, कणसासकट. बाजरी आणि हे गवत नात्यानं चुलत बहिणी. रोप लहान असताना ओळखू येत नाही, आणि कणीस दिसेपर्यंत स्टॉलवाला दुसऱ्या गावाला.

मुळात जांभळ्या फाउंटन गवताला तुरे भरघोस येतात, पण त्यात उगवणारं बी जवळजवळ धरतच नाही. ते वाढवतात ठोंब फोडून. हिरव्या जातीला बी येतं, केसाळ, वाऱ्यावर उडणारं. ते कुणी दिलं तर आणखी पंचाईत. हवाई बेटांवर हेच गवत माळभर पसरून वणव्यांना खाद्य झालंय.

हवंच असेल तर नर्सरीतून मुळं धरलेला ठोंब घ्या, पिशवी जरा सरकवून पांढरी मुळं दिसतात का बघा. आपल्याकडच्या जून ते ऑगस्टच्या संततधारेत काळ्या मातीत तो कुजतो. तांबड्या मातीत वाळू घालून, उंचवट्यावर, दिवसभर उन्हात लावा. सावलीत पाती हिरवी पडतात आणि मग बिचारा नर्सरीवाला उगीच शिव्या खातो.

आमच्या पाकिटावर लॉट नंबर नाही, उगवणशक्ती नाही, तपासणीची तारीख नाही. नुसता एक मोबाइल नंबर, तोही आता बंद. तुमचेही पैसे असेच गेले असतील तर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करा. पाकीट आणि यूपीआयची पावती जपून ठेवा. उरलेले दाणे मात्र कोंबड्यांपुढे टाकू नका, त्यावरचं औषध विषारी असू शकतं.