दिवा विझला, २६,००० गेले आणि कन्व्हर्टरही

चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून गाडी गॅरेजला नेणाऱ्यांसाठी हे लिहितेय. माझे २६,००० रुपये गेले, पण ते एकवेळ सोडा. गाडीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा सायलेन्सरच्या पाइपातला डबा, काढून, त्याचं पोट रिकामं करून, तोच डबा मला ‘नवीन’ म्हणून परत बसवून दिला. हे काम इतक्या सफाईनं होतं की रोज गाडी चालवणाऱ्यालाही बरेच आठवडे पत्ता लागत नाही. मुंबईत तर नाहीच नाही, आणि त्याला कारण आहे.

गाडी पेट्रोलची, चार सिलिंडरची, बीएस-४ हॅचबॅक. जुलैच्या धुवांधार पावसात ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर विक्रोळीच्या आसपास इंजिन थरथरायला लागलं, पिकअप गेला. पिवळा दिवा आधी लुकलुकला आणि मग तसाच लागून राहिला. हा दिवा लुकलुकतो तेव्हा बहुतेक वेळा एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नसते (याला मिसफायर म्हणतात) आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला तापवत असतं. अशा वेळी पाय हलका करायचा आणि जमेल तितक्या लवकर गाडी थांबवायची. नुसता लागून राहिला असेल, इंजिनचं तापमान ठीक असेल आणि ऑइलचा लाल दिवा लागलेला नसेल, तर घाबरून समोर दिसेल त्या गॅरेजात शिरायची गरज नसते.

मी भांडुपला राहते. दुसऱ्या दिवशी गाडी एका मल्टिब्रँड गॅरेजला दिली. चकाचक जागा, एसी केबिन, टॅबलेटवाला स्कॅनर. पोरानं गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा तो स्कॅनर लावला आणि पडदा माझ्याकडे वळवला.

“ताई, पी०४२० आलाय. कॅट गेला.”

“वर कोपऱ्यात ३/३ दिसतंय. बाकीचे दोन कुठले?”

“ते जुने आहेत हो, हिस्टरीतले. त्यांचं काही नाही.”

मी पडद्याचा फोटो काढला. ते त्याला आवडलं नाही. मग केबिनमधून मालक आला आणि भीती घालायचा कार्यक्रम सुरू झाला: कन्व्हर्टर जाम होऊन गाडी पेट घेईल, पीयूसी मिळणार नाही, इंजिन बसेल. आकडा ३८,००० वरून निघाला आणि “तुम्ही भांडुपच्याच, घरच्यासारख्या” असं म्हणत २६,००० वर आला. मध्येच “मिस्टरांशी बोलू का?” हेही झालं. गाडी माझ्या नावावर आहे, चालवते मी, पण बिघाड समजावून सांगायला यांना मिस्टर लागतात.

संध्याकाळी गाडी घ्यायला गेले तर दिवा विझलेला, थरथर बंद, पिकअप झकास. जुना पार्ट मागितला. “ताई, तो एक्सचेंजमध्ये गेला. त्याचेच तर तुम्हाला कमी केले.” हे वाक्य कुठेही ऐकलंत तर कान टवकारा. कन्व्हर्टरच्या आत जी जाळी असते तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा थर असतो. जुना, वापरलेला असला तरी भंगारात त्याला चांगला भाव येतो. म्हणून तर हा पार्ट ‘गेलाय’ असं सांगायला काही लोक टपलेले असतात.

बिल मिळालं ते कच्चं. “सायलेन्सर काम व लेबर” एवढंच लिहिलेलं. पक्कं हवं तर जीएसटी वर लागेल म्हणाले. पैसे मी यूपीआयनं दिले, तेवढी एक नोंद राहिली.

गणपतीपर्यंत सगळं सुरळीत होतं. ॲक्सिलरेटर दाबला की खालून जरा पोकळ आवाज येतोय असं वाटायचं, पण नवीन पार्ट आहे, बसेल, असं गॅरेजवाला म्हणाला होता. गणपतीला चिपळूणला गेलो आणि परतीच्या वाटेवर महाड सोडल्यावर पिवळा दिवा पुन्हा लागला.

मुंबईत इतके दिवस न लागलेला दिवा कोकणातून येताना का लागावा? स्कॅनरनं कोड पुसले की गाडीचा संगणक आपल्या तपासण्या पहिल्यापासून सुरू करतो. बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवलं तरी बहुतेक गाड्यांत तेच होतं. मिसफायरची तपासणी लगेच सुरू होते, पण कन्व्हर्टरची तपासणी व्हायला इंजिन पुरतं तापून गाडी बराच वेळ एका वेगानं चालावी लागते. शिवाय हा दोष साधारणपणे लागोपाठ दोन फेऱ्यांत सापडला तरच दिवा लागतो. सकाळी घाटकोपरला अडका, संध्याकाळी कांजूरला अडका, अशा चालवण्यात ती तपासणी पूर्णच होत नाही. म्हणजे काम न करता नुसते कोड पुसून गाडी परत दिली तरी मुंबईकर कितीतरी दिवस खूश. बहुतेक स्कॅनर ॲपमध्ये ‘रेडिनेस’ नावाचं पान असतं. ‘कॅटॅलिस्ट’समोर ‘अपूर्ण’ असेल तर दिवा विझलेला असण्याला काडीची किंमत नाही.

परत आल्यावर भावानं लॅमिंग्टन रोडवरून ब्लूटूथचा ईएलएम३२७ स्कॅनर आणून दिला, हजाराच्या आतला. बाजारात जे मिळतात ते बहुतेक नकलीच असतात, पण कोड वाचण्यापुरते चालतात. आयफोनवाल्यांनी विचारून घ्या, साधा ब्लूटूथवाला त्याला चालत नाही, वायफायचा किंवा ब्लूटूथ एलई लागतो. स्टीअरिंगच्या खाली, फ्यूजबॉक्सच्या आसपास सोळा पिनांचं सॉकेट असतं, तिथे तो लावायचा, चावी ऑन करायची, इंजिन सुरू करायचं नाही, आणि ॲपमधून कोड वाचायचे. पुसायचे नाहीत. कोडबरोबर त्या क्षणाची नोंदही साठवलेली असते: आरपीएम किती, वेग किती, इंजिन किती तापलेलं. त्याला ‘फ्रीज फ्रेम’ म्हणतात. कोड पुसले की तीही जाते. माझ्या जुलैच्या बिघाडाचा सगळा पुरावा गॅरेजनं असाच धुऊन टाकला होता, फोटो तेवढा वाचला.

कोड पुन्हा पी०४२० च होता. त्याचा अर्थ ‘कन्व्हर्टर बदला’ असा होत नाही. कन्व्हर्टर पुरेसं काम करताना दिसत नाही, एवढंच तो सांगतो. पाइपाला गळती असेल, मागचा सेन्सर खराब असेल, इंजिन मिस मारत असेल, तरीही हाच कोड येऊ शकतो. म्हणून मिसफायरचा कोड सोबत असेल तर आधी तो निस्तरायचा असतो. माझ्या गाडीत कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर आहेत. पुढच्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सतत वरखाली होतो, ते बरोबरच आहे. कन्व्हर्टर धडधाकट असेल तर मागचा ०.६-०.७ च्या आसपास बऱ्यापैकी स्थिर राहतो. ॲपमध्ये दोन्ही आलेख एकाखाली एक लावले तर मागचा पुढच्यासारखाच नाचत होता. ‘नवीन’ कन्व्हर्टरमध्ये!

मग मुलुंडच्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेले. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, पुढचा सेन्सर खोलला आणि त्या भोकातून मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा आत सोडला. मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी दिसायला हवी होती. आत फक्त काळ्या पत्र्याची भिंत. उष्णतारोधक पत्रा काढला तर डब्याच्या वरच्या बाजूला, खालून दिसणार नाही अशा जागी, कापून परत मारलेलं वेल्डिंग. डबा कंपनीचा जुनाच, वरचा शिक्काही तोच.

“ताई, तुमचाच माल काढून तुम्हालाच डबा विकला,” काका म्हणाले. मग बॉनेट उघडून म्हणाले, “आणि ही बघा दोन नंबरची कॉइल.” कॉइल म्हणजे ठिणगीसाठी प्लगला वीज पुरवणारा भाग. तीन कॉइल एका कंपनीच्या, दोन नंबरची वेगळी, जुनी, कुठून तरी काढून लावलेली. म्हणजे लपवलेले दोन कोड कसले असणार ते उघड होतं. पावसाचं पाणी काचेखालच्या जाळीतून प्लगच्या खोबणीत उतरून कॉइल गेली होती, गाडी त्यामुळे थरथरत होती. ती त्यांनी गुपचूप बदलली आणि बिल लावलं कन्व्हर्टरचं. नवी कॉइल माझ्या गाडीला २,२०० ला मिळते.

कॉइलचा संशय घरच्या घरी तपासता येतो, कॉइल प्लगवरच बसलेली असेल तर. पी०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरचा मिसफायर. इंजिन थंड असताना दोन आणि तीन नंबरच्या कॉइलची अदलाबदल करायची, कोड लिहून ठेवून पुसायचे आणि गाडी थोडी फिरवायची. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब. दोनवरच राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर बघायचा.

आता उपरोध बघा. पीयूसी मिळणार नाही, अशी भीती गॅरेजवाल्यानं घातली होती, आणि पोकळ डबा बसवून त्यानंच ती खरी करून ठेवली.

परत गेले तेव्हा मालक म्हणाला, “आफ्टरमार्केट पार्ट आहे ताई, त्याला गॅरंटी नसते.” वेल्डिंगचा फोटो दाखवल्यावर आवाज चढला. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. सोबत यूपीआयची नोंद, कच्चं बिल, ३/३ वाला फोटो. त्यावर गॅरेजचं उत्तर आलं की ग्राहकानं नंतर दुसरीकडे गाडी खोलली, त्यामुळे आमची जबाबदारी नाही.

हे उत्तर येणार, हे काकांना आधीच ठाऊक होतं. म्हणून त्यांनी सेन्सरला पाना लावायच्या आधीच किलोमीटरचा आकडा आणि नंबरप्लेटपासून सुरू करून वेल्डिंग दिसेपर्यंत सलग व्हिडिओ काढायला लावला होता, आणि स्वतःच्या छापील बिलावर काय सापडलं ते सहीनिशी लिहून दिलं. तुमच्यावर ही वेळ आली तर दुसऱ्या मिस्त्रीकडे आधी व्हिडिओ सुरू करा, मगच गाडी खोलू द्या, आणि काय सापडलं ते लिहून घ्या. हेल्पलाइननं मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता असतो: घटनेपासून दोन वर्षांच्या आत जायचं, मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. माझा अर्ज लिहून झालाय, या आठवड्यात दाखल करतेय.