ऑफर लेटर खोटं निघालं, २१,७५० रुपये गेले

एकूण २१,७५० रुपये गेले. आधी १,८५०, मग ७,५००, मग १२,४००. तिन्ही वेळा यूपीआयचा पिन मी स्वतः टाकला. हे लिहिताना अजून कान तापतात. तरी लिहितोय, कारण नोकरी शोधायला शहरात आलेल्या कुणालाही हा मेसेज येऊ शकतो.

शहरात येऊन सात आठवडे झाले होते. मित्राच्या रूमवर चौथा माणूस म्हणून राहत होतो. कुणी काही बोलायचं नाही, पण रोज सकाळी माझी गादी गुंडाळल्याशिवाय बाथरूमचं दार उघडायचं नाही, आणि ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं. दीडेकशे अर्ज टाकून झाले होते. अशात व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला, प्रोफाइल शॉर्टलिस्ट झालं आहे. फोनवर वीस मिनिटं मुलाखत झाली. माझ्याच विषयातले प्रश्न, तेही नीट विचारलेले. 'शिकलेला असून फसलास कसा' असं आता जे विचारतात, त्यांनी ती मुलाखत ऐकायला हवी होती.

पुढचं तुम्हाला माहीतच असेल. नोंदणीचे १,८५०, पहिल्या पगारात परत. मग ऑफर लेटर. मग लॅपटॉपचं डिपॉझिट ७,५००, तेही परत मिळणारं. नोकरी देणारा आधी पैसे मागत नाही, एक रुपयासुद्धा नाही. 'परत मिळतील' हे शब्द आले की तिथेच फोन ठेवा.

खरी चूक त्या रविवारी झाली. कॉलेजचे मित्र बऱ्याच महिन्यांनी भेटले होते. मी आनंदात लेटर दाखवलं. एकाने फोन हातात घेतला, दोन बोटांनी पत्र मोठं केलं आणि म्हणाला, "मेल जीमेलवरून का आलाय? आणि कंपनी तुझ्याकडून पैसे का घेतेय?" मोठं केल्यावर लोगोच्या कडा फुटलेल्या दिसत होत्या. पत्रावरची तारीखही सुट्टीच्या दिवसाची, रविवारची होती. हे सगळं मला दिसलं. दिसलं, आणि मी त्याला काय बोललो? "तुला नोकरी आहे, तुला काय जातंय बोलायला." टेबलावर सगळे गप्प झाले. त्यानंतर थांबणं म्हणजे तो बरोबर होता हे सगळ्यांसमोर कबूल करणं. तिथेच बसून मी 'पोलिस व्हेरिफिकेशन आणि बाँड'चे १२,४०० पाठवले. पिन टाकण्याआधी स्क्रीनवर पैसे घेणाऱ्याचं नाव येतं. तिथे कंपनीचं नाव नव्हतं, कुणा बाईचं होतं. ते वाचूनही पुढे गेलो.

पोलिस व्हेरिफिकेशनचा दाखला आपला आपण ऑनलाइन अर्ज करून काढता येतो, हे नंतर कळलं.

सोमवारी आणखी १८,००० मागितले तेव्हा कंपनीच्या वेबसाइटवरून नंबर काढून फोन केला. कंपनी खरी होती, पत्र त्यांचं नव्हतं. हा फोन मी १,८५० भरण्याआधी करायला हवा होता. तुम्ही तरी करा, आणि नंबर पत्रावरचा घेऊ नका, वेबसाइटवरचा घ्या.

त्यानंतर लाजेने दोन दिवस गप्प बसलो. हे तर अजिबात करू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर पहिल्या तासाभरात कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. माझे पैसे तोवर पुढच्या खात्यांत गेले होते.

पोलिस ठाण्यात पहिला प्रश्न, "राहता कुठे?" दुसरा, "पैसे पाठवले तेव्हा कुठे होता?" दोन्ही हद्दी वेगळ्या. यांनी त्यांच्याकडे पाठवलं, त्यांनी यांच्याकडे. तिसऱ्या खेपेला "आधार गावाकडचं आहे, तिकडेच तक्रार द्या" असं सांगितलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ आहे, १ जुलै २०२४ पासून लागू आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मी ते फोनवर उघडून दाखवलं. उत्तर मिळालं, "कायदा आम्हाला शिकवू नका." शेजारचा कर्मचारी म्हणाला, इथे लोकांचे लाखो जातात, तुमचे एकवीस हजार आहेत. माझ्यासाठी ते चार महिन्यांचं भाडं होतं! बँकेत गेलो तर काउंटरवरून वर न बघता सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय, मग आम्ही काय करणार. लेखी तक्रार घ्या म्हटलं तर अ‍ॅपवर टाका. अ‍ॅपवर टाकली तर 'निकाली काढली' असा मेसेज आला, कुणी एक शब्द न विचारता. हेलपाट्यांत दोन खऱ्या मुलाखती हुकल्या, त्याचा हिशेब कोण देणार?

शेवटी सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर (cybercrime.gov.in) स्वतः तक्रार टाकली, तिचा नंबर मिळाला. तुम्हीही आधी तेच करा. स्क्रीनशॉट आणि यूटीआर नंबर (पैसे पाठवल्यावर त्या व्यवहाराला मिळतो तो क्रमांक) जपा. चॅट रागाने डिलीट करू नका, मी अर्धं केलं होतं. मेसेज आलाय पण पैसे गेले नसतील, तर 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर संशयास्पद फोन-मेसेज कळवायची 'चक्षू' नावाची सोय आहे, तिथे तो नंबर कळवा.

त्या मित्राला फोन करून माफी मागितली. घरी अजून सांगितलेलं नाही. आणि मला मेसेज आला होता तो नंबर अजून चालू आहे. काल बघितलं, फोटो तोच आहे, खाली नाव दुसऱ्या कंपनीचं आहे.