पुण्यात तीन दिवस यायचंय: डेक्कन, कॅम्प की कोरेगाव पार्क?

आमचं घर कर्वेनगरला, वन बीएचके, त्यात सासूबाई, पोरगा आणि हॉलमध्येच ठेवलेलं वॉशिंग मशीन, त्यामुळे पाहुणे आता बिचारे स्वतःहूनच विचारतात की राहायला कुठलं हॉटेल बरं पडेल, आणि मी दरवेळी उलट विचारते की तुम्हाला भूक कधी लागते? लोकांना वाटतं ही टाळतेय. पण खरंच, पुण्यात बजेटचं नंतर बघा, आधी भुकेचं टायमिंग बघा. सकाळी सहा-सातला ज्यांना समोर चहा लागतो त्यांनी डेक्कन किंवा पेठा, ज्यांचा दिवस रात्री नऊला सुरू होतो त्यांनी कोरेगाव पार्क, आणि ज्यांना दिवसभर थोडं थोडं चरत फिरायचंय त्यांनी कॅम्प.

हे शहाणपण मला आलं ते नांदेडच्या मावशी-काकांमुळे. मावसबहिणीने ॲपवर फोटो बघून कोरेगाव पार्कात मस्त हॉटेल बुक केलं, पांढऱ्याशुभ्र चादरी, बाथटब वगैरे. काका उठतात पहाटे साडेपाचला. हॉटेलचा ब्रेकफास्ट साडेसातला. काका खाली उतरून सगळी गल्ली फिरून आले, मोठमोठी वडाची झाडं, बंद शटरं आणि कुत्रे, शेवटी एका बंगल्याच्या वॉचमनने त्यांना आपल्या थर्मासमधला चहा झाकणात ओतून दिला. काका आजही सांगतात की पुण्यात सगळ्यात चांगला चहा वॉचमनकडे मिळतो. पुढच्या वेळी त्यांना डेक्कनच्या आपटे रोडला ठेवलं, तेव्हापासून तक्रार नाही.

आता सकाळचंच घ्या. डेक्कनला राहिलात तर चालत एफसी रोड, म्हणजे फर्ग्युसन कॉलेजचा रस्ता. वैशाली, रूपाली, वाडेश्वर, आणि रस्ता सुरू होतो त्या कोपऱ्यावर गुडलक, १९३५ पासूनचं इराणी. वैशालीला शनिवार-रविवारी नऊनंतर गेलात तर दारात गर्दीत उभं राहून दुसऱ्यांच्या डोशांकडे बघत बसावं लागतं, म्हणून साडेसातला जा, तेव्हा टेबलांवर फिरायला आलेले आजोबा असतात आणि कोणी कोणाला उठवत नाही. एसपीडीपी म्हणजे शेव पोटॅटो दही पुरी, ती तिथली खासियत, पण ती संध्याकाळची गोष्ट आहे, सकाळी फिल्टर कॉफी आणि डोसा. गुडलकला बन मस्का आणि चहा, अंडं खाणारे असाल तर अकुरी, म्हणजे पारशी पद्धतीची अंडा भुर्जी. जेवायच्या पोटाने जाऊ नका, तिथे अर्धा तास नुसतं बसण्यातच मजा आहे.

मिसळ खायची असेल तर पेठांत शिरायचं. इथे मोठी भांडणं आहेत, मी माझं सांगते. नारायण पेठेतली बेडेकरांची मिसळ गोडसर अंगाची, स्लाइस ब्रेडबरोबर, कोल्हापूरकर ती खाऊन हसतात आणि माझे सासरे ती सोडून दुसरी खात नसत. फडके हौदाजवळच्या वैद्यांची आलं-हिरव्या मिरचीच्या रश्श्याची, रंगाला फिकी पण घशात उतरताना कळते. तुळशीबागेतलं श्रीकृष्ण भुवन खरेदीच्या मध्ये बरं पडतं. तिखट हवं तर काटा किर्रर्र, तिथे मीडियम सांगितलं तरी रुमाल हाताशी ठेवा. पहिल्यांदा पुण्यात येणाऱ्याला मी बेडेकर सांगते, कारण तिखट मिसळ त्याला कुठेही मिळेल, ही नाही मिळणार. आणि मिसळ दुपारी दोनला खायला जाऊ नका हो, सकाळचा माल सकाळीच.

कॅम्पातली सकाळ वेगळी. रुबी हॉल-जहांगीर हॉस्पिटलांच्या पट्ट्यात व्होहुमन कॅफे आहे, चीज ऑम्लेट येतं ते सोबतच्या ब्रेडपेक्षा जड असतं, वर चीज किसून टाकलेलं, खाली कांदा-टोमॅटो, बन मस्का आणि इराणी चहा. रांग असते, टेबल शेअर करावं लागतं, शेजारी रात्रपाळी करून आलेला डॉक्टर बसलेला असतो आणि तो कोणाशी बोलत नाही. मला विचाराल तर नुसत्या ऑम्लेटच्या मार्कांवर कॅम्प डेक्कनच्या पुढे आहे. पण एका ऑम्लेटसाठी तीन दिवस स्टेशनजवळ राहायचं का हा प्रश्न उरतोच, कारण मेट्रो आहे, डेक्कन जिमखाना स्टेशनवर बसायचं, रुबी हॉलला उतरायचं, गाडी सुद्धा बदलावी लागत नाही.

कोरेगाव पार्कच्या सकाळी नॉर्थ मेन रोडवरची जर्मन बेकरी आहे, २०१० साली १३ फेब्रुवारीला तिथे बॉम्बस्फोट झाला होता, नंतर ती पुन्हा उभी राहिली, जुने लोक अजून मुद्दाम तिथेच जातात. बाकी कॅफे भरपूर, कॉफी खरंच चांगली, पण सगळं आरामात उघडतं. लॅपटॉप घेऊन बसणाऱ्यांचं काम होतं, मावशीचं होत नाही.

दुपार मात्र डेक्कन-पेठांचीच. आपटे रोडला श्रेयस, टिळक रोडला दुर्वांकूर, दोन्हीकडे अनलिमिटेड मराठी थाळी. अळूवडी, मसालेभात, कोशिंबीर, वाढपी वरून तूप सोडतो आणि "अजून एक पोळी" म्हणत उभाच राहतो. श्रेयसचं जास्तीचं म्हणजे तिथे खोल्या पण आहेत, जेवून जिना चढलं की झोप, ज्येष्ठ मंडळींना घेऊन आलात तर याच्यासारखं सुख नाही. तसंच लक्ष्मी रोडवरचं पूना गेस्ट हाऊस, १९३५ चंच, मूकपटांच्या काळातले नानासाहेब सरपोतदार यांनी सुरू केलेलं, वर राहायचं, खाली थालीपीठ आणि साबुदाणा वडा. जुनी वास्तू आहे, चकचकीतपणा शोधायला जाऊ नका. लग्नाची खरेदी असेल तर मात्र याच भागात राहा, साड्यांच्या पिशव्या दर दोन तासांनी खोलीवर टाकून परत बाहेर पडता येतं, हा फायदा ज्याने अनुभवला त्यालाच कळतो.

पेठ म्हणजे फक्त शाकाहारी असा एक गैरसमज आहे. सदाशिव पेठेतच आवारे खाणावळीत मटण मिळतं आणि टिळक रोडला एसपीज बिर्याणी आहे, एसपी कॉलेजची पोरं तिथेच वाढली. तरी मांसाहारी माणसाने दुपारी कॅम्पात जावं हे मी मान्य करते. दोराबजी हे पारशी हॉटेल १८७८ पासूनचं, रविवारी धानसाक, म्हणजे डाळीतलं मटण, कोंदट जागा, स्टीलची भांडी आणि पुढचा तास कोणाशी बोलावंसं वाटत नाही असं जेवण. कोरेगाव पार्कात दुपारी मलाका स्पाइस, थायी-मलेशियन, ऑफिसच्या बायकांचं किंवा ॲनिव्हर्सरीचं जेवण तिथे छान होतं, बिल बघताना मात्र थाळी आठवते.

पुण्यातली दुकानं दुपारी एक ते चार बंद, हा जोक तुम्ही ऐकलाच असेल. चितळे मिठाईवाले आता दुपारीही उघडे असतात, जोक तेवढा जुना राहिलाय. खरी दुपारची सुट्टी बघायची तर ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरी. १९५५ सालची, श्रुसबेरी बिस्किटं आणि मावा केक, दुपारी शटर खाली, रविवारी बंद. हे लिहून ठेवा, शेवटी परत सांगणारे.

संध्याकाळी मी कोणालाही मस्तानीला नेते. दुधात घट्ट आईस्क्रीम फेटून वर परत आईस्क्रीमचा गोळा, आधी चमचा मग स्ट्रॉ. निंबाळकर तालमीजवळ सुजाता, लक्ष्मी रोडच्या बाजूला कावरे. सीझन असेल तर आंबा, नसेल तर माझी सीताफळ, पिस्ता घेणाऱ्यांशी माझं पटत नाही. कॅम्पात संध्याकाळी एमजी रोडला मार्झोरिनमध्ये चिकन सँडविच घेऊन वरच्या मजल्यावर बसायचं आणि खालची गर्दी बघायची, कॉलेजात असताना आम्ही एका कोल्ड कॉफीवर दोन तास काढायचो. चहाचं म्हणाल तर अमृततुल्य. नव्या साखळ्यांचं नाही म्हणत मी, जुनं, जिथे माणूस पितळी भांड्यासमोर मांडी घालून बसतो, आलं-वेलदोडा खलबत्त्यात कुटून टाकतो आणि फडक्यातून चहा गाळून ते फडकं असं काही पिळतो की शेवटचा थेंब पण तुमच्या कपात येतो. पेठांत अशी दुकानं अजून सापडतात. केपीत, म्हणजे कोरेगाव पार्कात, नाही, तिथे त्याच चहाला मसाला लाते म्हणतात.

रात्र मात्र बिनविरोध कोरेगाव पार्क, आणि त्याला लागून कल्याणीनगर-मुंढवा. बिअरवाल्यांसाठी तर हाच भाग. केपीत एफिनगट, कल्याणीनगरला टॉइट, तिथेच बनवलेली बिअर, मी स्वतः पीत नाही पण आमच्या ह्यांच्या ग्रुपला दर महिन्याला कोणाचा तरी वाढदिवस असतो. डेक्कनला बार नाहीत असं नाही, पण ते बसायचे बार, नाचायचे नाहीत. आता हिशोब असा की डेक्कनला राहून रात्री केपीला जायचं ठरवलंत तर जाताना मेट्रो मिळते, येताना नाही, ती अकराच्या आसपास संपते. मग रिक्षा किंवा कॅब, रात्रीचा रेट, चौघांचा ग्रुप असेल तर दोन रात्रींच्या त्याच खर्चात हॉटेलच्या भाड्यातला बऱ्यापैकी फरक भरून निघतो. म्हणून मित्रमैत्रिणी मिळून फक्त पार्टीला येत असाल तर उगाच संस्कृती बघायला म्हणून सदाशिव पेठेत खोली घेऊ नका. तुम्ही दोनला परत येणार, लॉजचा गडी कडी काढायला उठणार नाही, आणि सकाळी सहाला खालच्या पिठाच्या गिरणीने तुम्ही जागे होणार. (हे आमच्या दिराच्या बाबतीत झालंय, लॉजचं नाव सांगत नाही.) उलट रात्रभर जागूनही डेक्कनच हवं असेल तर एकच गोष्ट आहे, नळ स्टॉपचे पहाटेचे पोहे, गाड्यांवर स्टीलच्या डिशमध्ये, शेजारी अभ्यास करणारी पोरं आणि नाईट शिफ्टवाले.

पैशांचं थोडक्यात. स्टेशन-कॅम्प बाजूला सगळ्यात स्वस्त लॉज आहेत, पण फॅमिली घेऊन जाणार असाल तर एकदा कोणीतरी आधी खोली बघून या, फोटोत आणि प्रत्यक्षात फार अंतर असतं. आपटे रोड, भांडारकर रोड, प्रभात रोडला मधल्या भावात नीटनेटकी हॉटेलं मिळतात, गल्ल्या शांत, झाडं आहेत, सकाळी आजी-आजोबांना चालायला जागा. केपीत आणि बंडगार्डनला मोठी हॉटेलं, ब्ल्यू डायमंड तर जुनंच, तिथल्या एका रात्रीत आपटे रोडला दोन, कधी तीन होतात. कंपनी पैसे देत असेल तर बिनधास्त जा.

गाडी घेऊन येत असाल तर पेठ सोडा. पी-वन पी-टू पार्किंग म्हणजे सम तारखेला या बाजूला, विषम तारखेला त्या बाजूला, आणि तुम्ही मिसळ खात असताना तारीख बदलत नसली तरी टोइंगवाला येतोच. गाडी डेक्कनच्या हॉटेलात ठेवा आणि पेठेत चालत जा किंवा मेट्रोने मंडई स्टेशनला उतरा, सिव्हिल कोर्टला तेवढी लाइन बदलावी लागते, तुळशीबाग समोरच. गणपतीत येणार असाल तर हे सगळं उलटं. देखावे आणि मिरवणूक बघायची असेल तर पेठेतच खोली घ्या, महिनोन्महिने आधी, आणि झोपेची अपेक्षा सोडा, विसर्जन मिरवणूक गेली काही वर्षं २८ तासांच्या पुढे चालते. नुसतं खायला-फिरायला येणार असाल तर ते दहा दिवस सोडून या.

हिंजवडी, बाणेर, वाकडबद्दल विचारलंत तर ऑफिसचं काम असेल तरच. बाणेरला खायला पुष्कळ आहे, पण ते सगळं तुमच्या गावात पण आता आलेलं असणार.

तर माझा कौल. आई-वडील, लहान मुलं, पहिल्यांदा पुणं: आपटे रोड, डोळे मिटून. मित्रमंडळ आणि विकेंड: केपी. एकट्याने येणारा, खादाड, नॉनव्हेज खाणारा, चालायला न कंटाळणारा: कॅम्प. नवराबायको असाल आणि एकाला मिसळ तर दुसऱ्याला बिअर असा संसार असेल तर दोन रात्री डेक्कन, शनिवारची एक रात्र केपी, बॅगा हलवायचा त्रास होतो पण भांडण वाचतं.

आणि खरेदीचं. बाकरवडी जायच्या दिवशी घ्या, चितळे सगळीकडे आहेत. श्रुसबेरी शनिवारीच. आमचे भाऊजी रविवारी सकाळी नांदेडची गाडी पकडायच्या आधी मोठ्या रुबाबात रिक्षा करून ईस्ट स्ट्रीटला गेले, मी आदल्या रात्री दोनदा सांगितलं होतं, आणि बंद शटरसमोर सेल्फी काढून परत आले. तो फोटो फॅमिली ग्रुपवर अजून आहे, खाली काकांनी लिहिलंय, "वॉचमनला विचारायचं होतंस."