हुजूर पक्षाची भांडणं, दोन तास पायी: वेस्टमिन्स्टरच्या सहलीबद्दल

लेकीने तिकिटं काढून ठेवली म्हणून आम्ही दोघं गेलो. ब्रिटनच्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाने आपले नेते कसे आणले आणि कसे घालवले, एवढ्याच विषयावर लंडनमध्ये पायी फिरवतात. वीसेक जणांचा घोळका, कानात खरखरणारं यंत्र. बिग बेनचे टोले सुरू झाले की गाईडबाईंचं वाक्य गेलंच.

सुरुवात डाउनिंग स्ट्रीटच्या फाटकापाशी, आणि तीच सगळ्यात फिकी. पंतप्रधान बोरिस जॉनसनच्या टाळेबंदीतल्या पार्ट्या, लिझ ट्रसचे पंतप्रधानपदाचे ४९ दिवस, हे सगळं टीव्हीवर पाहून झालंय.

संसदेपाशी आल्यावर मात्र बाईंना सूर सापडला. नोव्हेंबर १९९०. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या मंत्रिमंडळातून राजीनामा दिलेले उपपंतप्रधान जेफ्री हाउ सभागृहात उभे राहून म्हणाले, की सलामीच्या फलंदाजांना मैदानात धाडायचं आणि बॅटी कप्तानानेच आधी मोडून ठेवलेल्या, तशी आमची गत. (घोळक्यात मनापासून हसलो ते आम्ही दोघं आणि एक श्रीलंकेचे गृहस्थ.) आठवड्याने पक्षाच्या नेतेपदासाठी खासदारांचं मतदान झालं. थॅचर २०४, त्यांना आव्हान देणारे मायकेल हेसेल्टाइन १५२. म्हणजे जिंकल्याच की! पण नियम असा, की पक्षाच्या एकूण खासदारांच्या १५ टक्के आघाडी हवी. खासदार ३७२, आघाडी हवी ५६ ची, मिळाली ५२. बाईंनी पाठीवरच्या पिशवीवर कागद ठेवून हिशोब मांडला: हेसेल्टाइनकडचे दोघे जण फिरले असते, तर पहिल्याच फेरीत सुटल्या असत्या. दोन दिवसांनी थॅचरबाईंनी माघार घेतली. या दहा मिनिटांचे पैसे मी आनंदाने दिले.

तक्रार पुढची आहे. १९९८ मध्ये नियम बदलले: खासदारांनी दोन नावं काढायची, शेवटचा कौल पक्षाच्या सभासदांचा. हे बाईंनी रस्ता ओलांडता ओलांडता उरकलं. अहो, सगळी मेख तिथेच आहे! २००१ मध्ये खासदारांच्या शेवटच्या फेरीत केनेथ क्लार्क पुढे, सभासदांनी निवडले इयन डंकन स्मिथ. दोन वर्षांत खासदारांनीच त्यांना ९० विरुद्ध ७५ मतांनी घालवलं. २०२२ मध्ये खासदारांची पहिली पसंती ऋषी सुनक, सभासदांची ट्रस. स्थळ पसंत करणार एक आणि नांदवणार दुसरे, मग दुसरं काय होणार?

शेवटचा थांबा स्मिथ स्क्वेअर. इथली ३२ नंबरची इमारत १९५८ पासून चाळीसहून अधिक वर्षं पक्षाचं मुख्यालय होती. विजयाच्या रात्री थॅचर याच खिडकीतून हात हलवायच्या. पुढे ज्या युरोपवरून पक्ष उभा चिरला, २०१९ मध्ये एकाच वेळी २१ खासदारांना बाहेरची वाट दाखवली गेली, त्याच युरोपीय संघाचं कार्यालय आता इथे आहे. पाटीवर ‘युरोप हाउस’. बायको म्हणाली, “घर विकलं ते नेमकं भाऊबंदकीतल्यालाच?”

गुडघे दुखत असतील तर विचार करा, वाटेत कुठेही बसवत नाहीत. यंत्र मात्र सुरुवातीलाच बदलून मागा, मी शेवटी मागितलं.