निळे पोर्ट दिसत असूनही मी 18,500 रुपये दिले

गेल्या आठवड्यात भाच्याने संगणकातील चित्रे आणि अवजड गणिते सांभाळणाऱ्या जुन्या ग्राफिक्स कार्डाची एक जाहिरात मला पाठवली आणि ‘मामा, घेऊ का?’ असे विचारले. ती जाहिरात वाचताना माझ्या पोटात खड्डा पडला, कारण फेब्रुवारी 2021 मध्ये जवळजवळ याच शब्दांतली जाहिरात पाहून मी फसलो होतो. एकूण 21,870 रुपये गेले. कार्डाचे 18,500, त्याच्यासाठी आधीच आणून ठेवलेल्या नव्या पॉवर सप्लायचे 2,650 आणि नाशिकहून ठाण्याला जाण्यायेण्याचे 720. घरी मी आजवर 8,000 एवढाच आकडा सांगितला आहे. खरा आकडा आज प्रथमच लिहीत आहे.

मला गेम खेळायचे नव्हते, हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे ज्या ज्या टेबलासमोर मी उभा राहिलो त्या प्रत्येक टेबलावर मला हेच सांगावे लागले. घरचा संगणक रिकामा असताना त्याची ताकद संशोधनाला द्यायची, हा माझा जुना छंद आहे. परग्रहावरील संदेश शोधणाऱ्या सेटी अ‍ॅट होम या प्रकल्पासाठी माझा संगणक अनेक वर्षे रात्रभर चालत असे. त्या प्रकल्पाने 31 मार्च 2020 रोजी नवे काम पाठवणे थांबवले आणि त्याच सुमारास प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करणारा फोल्डिंग अ‍ॅट होम प्रकल्प करोनाच्या विषाणूकडे वळला. जगभरातून इतके लोक त्याला येऊन मिळाले की त्या एकत्रित संगणनाने एक एक्झाफ्लॉपचा, म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या गणितांचा, टप्पा ओलांडला. आपणही त्यात काही भर घालावी, असे घरात अडकून पडलेल्या माणसाला वाटले, तर त्यात वेडेपणा होता असे मला आजही वाटत नाही.

फोल्डिंगमध्ये काम जितक्या लवकर परत कराल तितके जादा गुण मिळतात, त्यामुळे प्रोसेसरवर अडखळत चालण्यापेक्षा एक बरे ग्राफिक्स कार्ड घेणे शहाणपणाचे ठरते. नवे कार्ड त्या दिवसांत मिळतच नव्हते, आणि मिळाले तर छापील किमतीच्या दुपटीने. म्हणून मी जुन्या कार्डांचा तक्ता करायला घेतला आणि त्यात दोन महिने घालवले. जीटीएक्स 1060, सहा जीबीचे, 1280 कोर (गणिते करणारे छोटे घटक), 120 वॅट. 1070, 1920 कोर, 150 वॅट. आरएक्स 580, 185 वॅट. दिवसरात्र चालवल्यास 120 वॅटला महिन्याला सुमारे 86 युनिट होतात आणि 185 वॅटला 133. आमचे बिल 300 युनिटांची पायरी ओलांडणार की नाही, हे या फरकावर ठरत होते. आकाशगंगेचा अभ्यास करणाऱ्या मिल्की वे अ‍ॅट होमला तेव्हा दुहेरी अचूकतेची, म्हणजे जास्त अंकांपर्यंत नेमकी, गणिते लागत, म्हणून तोही रकाना केला होता. त्या एका रकान्यात 2012 च्या जानेवारीत बाजारात आलेले रेडिऑन एचडी 7970 हे 1060 ला सहज मागे टाकते, हे पाहून मोहही झाला होता, पण 250 वॅटचा आकडा पाहून तो आवरला. आरएक्स 580 च्या नावाखाली 2304 ऐवजी 2048 प्रोसेसरांचे कार्ड खपवले जाते, हेही मला ठाऊक होते आणि त्या धास्तीने मी 15,000 रुपयांचे एक 580 नाकारलेही. इतका मी सावध होतो.

1060 ची जाहिरात जुन्या वस्तू विकण्याच्या एका अ‍ॅपवर होती. विकणारा पंचविशीतला मुलगा, बोलायला अत्यंत गोड. मी फोल्डिंगबद्दल सांगितले तेव्हा तो म्हणाला, “काका, रिसर्चसाठी घेताय म्हणून तुम्हाला पाचशे कमी करतो, गेमरला मी दिले नसते.” एकोणीस हजारांचे साडेअठरा झाले आणि मी विरघळलो. 5,000 रुपये टोकन म्हणून यूपीआयने पाठवले. जो कोणी वस्तू पाहण्यापूर्वी टोकन मागतो, त्याला एक रुपयाही पाठवू नका. टोकन गेले की आपण वस्तू पारखायला जात नाही, टोकन वाया जाऊ नये म्हणून जातो.

ठाण्यात एका गाळ्यात त्याने संगणक चालू करून ठेवला होता. संगणकातील भागांची यादी दाखवणाऱ्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 1060 असे नाव दिसत होते, मेमरी सहा जीबी दिसत होती आणि पंखे फिरत होते. हे नाव कार्डाच्या बायोसमधल्या, म्हणजे कार्डातच साठवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या, ओळखीवरून ठरते आणि बायोस बदलता येते, हे मला माहीत नव्हते असे म्हणायची सोय नाही. मला ते माहीत होते.

आता त्या क्षणाबद्दल, जो मला अजूनही रात्री आठवतो. त्याचा मॉनिटर जुना होता आणि त्याची निळ्या टोकाची, जुन्या पद्धतीची व्हीजीए केबल थेट त्या कार्डात खोचलेली होती. 1060 ज्या पास्कल पिढीचे आहे, त्या पिढीत एनव्हिडिया या कंपनीने व्हीजीएला लागणारा अ‍ॅनालॉग सिग्नलच काढून टाकला. खऱ्या 1060 च्या पाठीवर डीव्हीआय, एचडीएमआय आणि डिस्प्ले पोर्ट असतात. निळे, पंधरा पिनांचे पोर्ट नसते. माझ्या तक्त्यात पोर्टांचाही रकाना होता आणि 1060 पुढे मी स्वतःच्या हाताने ‘व्हीजीए नाही, कन्व्हर्टर लागेल’ असे लिहिले होते. आणि ते निळे पोर्ट पाहून मला काय वाटले असेल? मला आनंद झाला. माझा घरचा मॉनिटरही जुनाच आहे, कन्व्हर्टरचे पैसे वाचले, असे वाटले! दोन महिने आकड्यांत डोके घालून बसलेल्या माणसाने डोळ्यांसमोरचा पुरावा सवलत म्हणून खिशात घातला.

दुसरी खूणही त्याने स्वतःच हातात दिली. पेन ड्राइव्ह देत तो म्हणाला, “काका, हाच ड्रायव्हर टाका, कंपनीच्या साइटवरचा टाकू नका, तो या मॉडेलला चालत नाही.” अशा वेळी उठून निघून यावे. खऱ्या कार्डाला कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, चालत नाही असे होतच नाही. मी मात्र शेवटची एसटी चुकेल या घाईत उरलेले 13,500 पाठवले आणि त्याचे आभारही मानले.

घरी आल्यावर फोल्डिंगचे काम येई आणि काही सेकंदांत चूक दाखवून परत जाई. पहिला दिवस मी माझ्याच मांडणीला दोष देत घालवला. कंपनीचा ड्रायव्हर टाकला तेव्हा पडदा काळा झाला. तिसऱ्या दिवशी जीपीयू-झेड हे फुकटचे सॉफ्टवेअर चालवले आणि कार्डाच्या नावाआधी ‘फेक’ असा शब्द आला. ही सोय त्यात 2018 पासून आहे. गाळ्यात बसून ते उतरवून चालवायला मला पाच मिनिटेही लागली नसती. शेवटी चिप थंड ठेवणारा हीटसिंक काढून पाहिले तर चिपवर जीएफ 116 असे कोरलेले होते, म्हणजे आत 2011 सालचे जीटीएक्स 550 टीआय होते. 1280 कोरांच्या जागी 192, सहा जीबीच्या जागी एक. त्या पिढीला फोल्डिंगसाठी लागणारे ओपनसीएल 1.2, म्हणजे कार्डाकडून गणिते करून घेण्याची प्रणाली, पेलतच नाही. आणि वीज? 116 वॅट. माझ्या तक्त्यातला तेवढाच एक रकाना जवळपास खरा निघाला.

विक्रेत्याचा फोन तोवर बंद झाला होता आणि जाहिरातही गायब झाली होती. अ‍ॅपकडे तक्रार केली, तर आम्ही फक्त दोघांची गाठ घालून देतो, व्यवहाराशी आमचा संबंध नाही, असे ठरावीक इंग्रजी उत्तर आले. बँकेत गेलो, तर तुम्ही स्वतः पिन टाकून पैसे दिले आहेत, त्यामुळे ही फसवणूक आमच्या व्याख्येत बसत नाही, असे सांगण्यात आले. ज्या खात्यात पैसे गेले त्या खातेदाराचे नाव माझ्या मोबाइलवर दिसत होते, तरी ते खाते गोठवण्याची विनंती लिहून घ्यायलाही कोणी तयार नव्हते.

नाशिकच्या पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, “वस्तू मिळाली ना?” मिळाली म्हटल्यावर ही दिवाणी बाब आहे असे ठरले. मी समजावले की मिळालेली वस्तू वेगळीच आहे, तेव्हा अंमलदारांनी कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि विचारले, “पण पंखे तर फिरतात ना?” मग हद्दीचा विषय निघाला. व्यवहार ठाणे शहरात झाला, तिकडे जा. मी पुन्हा पदरचे पैसे घालून ठाण्याला गेलो. तेथे सांगितले की खाते नाशिकचे, राहणार नाशिकचे, तिकडेच द्या. गुन्हा कोणत्याही हद्दीतला असला तरी शून्य क्रमांकाने नोंदवता येतो, हे मी म्हणालो तेव्हा मला ‘मग तुम्हीच सगळे जाणता’ असे ऐकवले गेले. एप्रिलमध्ये तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा साहेब म्हणाले की लोकांना ऑक्सिजन मिळत नाही आणि तुम्ही खेळाचे कार्ड घेऊन येता. यावर मला उत्तर देता आले नाही. त्याच रोगावरच्या संशोधनासाठी ते कार्ड घेतले होते, हे त्या टेबलासमोर सांगण्याचे धैर्य माझ्यात उरले नव्हते. वरिष्ठांना रजिस्टर पोस्टाने अर्ज केला. त्याची पोच माझ्याकडे आहे, उत्तर अद्याप नाही. ग्राहक आयोगाबद्दल एका वकिलांना विचारले, तर विकणारा व्यापारी नसून खासगी व्यक्ती आहे, त्यात त्याचा पत्ताही नाही, असे सांगून त्यांनी मला फी न घेता परत पाठवले. या सगळ्या प्रकरणात माझ्याशी सरळ वागलेले ते एकच गृहस्थ.

ज्यांचे पैसे नुकतेच गेले असतील त्यांनी लाजेत तीन दिवस घालवू नयेत, लगेच 1930 या क्रमांकावर फोन करावा. मी स्वतःच्या मूर्खपणाची कारणे शोधण्यात ते तीन दिवस घालवले. आता जुनी कार्डे भरपूर आहेत, कारण सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवर चालणारे खाणकाम बंद पडल्यावर ती ढिगाने बाजारात आली. त्यामुळे मिळणार नाही या भीतीने घाई करण्याचे आज काही कारण नाही. नाव पाहून समाधान मानू नका, समोर बसून अर्धा तास खरे काम चालवा. विकणारा कंटाळला तर कंटाळू द्या.

भाच्याच्या जाहिरातीत 1660 सुपर होते, 6,500 रुपयांना. फोटो पंख्यांच्या बाजूने काढलेले होते आणि पोर्टांची पट्टी एकाही फोटोत नव्हती. मी त्याला तेवढाच एक फोटो मागायला सांगितले. विकणाऱ्याने कळवले की कार्ड पॅक करून ठेवले आहे, आता उघडता येणार नाही, 1,000 रुपये टोकन पाठवल्यास कुरियर करतो. भाचा तरीही दुसऱ्या दिवशी ‘नंबर तर चालू आहे, मामा’ असे म्हणत होता. मग मी कपाटातून ते 550 काढून त्याच्या हातात दिले आणि ते कितीला घेतले होते, तो खरा आकडा सांगितला.