तयार पीठ, कपातले पोहे, मोड आलेली मटकी : बंद केल्यावर किती वाचलं

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला घरात ठरवलं की सुपरमार्केटमधल्या ‘तयार’ वस्तू जमेल तेवढ्या बंद करायच्या. म्हणजे इडलीचं पीठ, मोड आलेली मटकी, आलं-लसूण पेस्ट, गरम पाणी ओतायचे कपातले पोहे-उपमा, खोक्यातलं ताक, कापलेली फळं. घरात चौघं, दोघं नोकरीला, राहायला पुण्यात. आता थंडीही सरली आहे, त्यामुळे काय परवडतं आणि कशात जीव घालण्यात अर्थ नाही हे अनुभवाने सांगता येईल. भाव आमच्या भागातले आणि साधारण आहेत.

आधी पाकिटावर बघायची एक गोष्ट. एमआरपीच्या जवळपास हल्ली ‘युनिट सेल प्राइस’ छापलेली असते. किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ती ग्रॅमला असते आणि इतकी बारीक की चष्मा लागतो. ८० ग्रॅमच्या पोह्यांच्या कपावर ०.६० लिहिलेलं असतं, म्हणजे साठ पैसे. वाचून काहीच वाटत नाही. त्याला हजाराने गुणलं की कळतं, आपण सहाशे रुपये किलोने पोहे खातोय. दोन रांगा पलीकडे सुटे जाड पोहे सत्तर रुपये किलो. वर थोडे दाणे, वाळवलेला कांदा, तेल, मीठ, साखर येतं हे कबूल, पण पाचशे तीस रुपयांचं नाही.

आमची सगळ्यात जास्त बचत याच कपांमध्ये झाली. दोघांच्याही ऑफिसच्या बॅगेत आठवड्याला दोन-तीन कप जायचे. आता रविवारी उपम्याचा कोरडा रवा करून ठेवतो. तेलात मोहरी, उडीद डाळ, मिरचीचे तुकडे आणि कढीपत्ता. कढीपत्ता बोटांत धरला की चुरा झाला पाहिजे, मिरचीही कडक व्हायला हवी. जरा ओलावा राहिला तर डब्याला चार दिवसांत कुबट वास येतो. मग रवा घालून मंद आचेवर खमंग भाजायचा, मीठ-साखर, पूर्ण गार झाल्यावरच बरणीत. ऑफिसात एक वाटी रव्याला अडीच वाटी उकळतं पाणी, वर झाकण, पाच-सात मिनिटं. लिंबू बरोबर नेलं तर उत्तमच. अर्ध्या तासाच्या भाजणीत आठवड्याची सोय होते. कपातल्यापेक्षा चव चांगली आहे, आणि हे मी नाही, शेजारच्या टेबलवाले म्हणतात. तेच आता अर्धा डबा संपवतात.

या सगळ्यातून मला उमगलं ते असं. स्वयंपाकातली कामं दोन जातींची असतात : घड्याळाची आणि हाताची. भिजणं, आंबणं, मोड येणं, विरजण लागणं ही घड्याळाची. तेव्हा आपण झोपलेले तरी असतो, नाहीतर ऑफिसात. त्या कामाचे दुकानदाराला पैसे देणं मला आता जिवावर येतं. सोलणं, किसणं, खवणं, लाटणं ही हाताची. तिथे दोन पैसे जास्त देऊन संध्याकाळ मोकळी मिळत असेल तर खुशाल द्यावेत.

मटकीचंच बघा. मोड आलेल्या मटकीचा २०० ग्रॅमचा डबा चाळीस-पंचेचाळीसला. कोरडी मटकी १३० रुपये किलो धरली तर १०० ग्रॅमचे तेरा रुपये, आणि ती भिजून, मोड येऊन सहज दुप्पट भरते. रात्री भिजवा, सकाळी उपसून पंच्यात बांधा, दुसऱ्या सकाळी उसळ. पावसाळ्यात मात्र गाठोडं एकदा सोडून मटकी धुवून घ्यावी लागते, नाहीतर बुळबुळीत होते आणि वास मारते.

इडलीच्या पिठात आपण मुख्यतः पाणी विकत घेतो. किलोभर पिठात कोरडं धान्य साधारण ४०० ग्रॅम, बाकी पाणी. मी तीनशे ग्रॅम उकडा तांदूळ, शंभर ग्रॅम उडीद डाळ, अर्धा चमचा मेथीदाणे घेतो. सगळे मिळून पस्तीस रुपयांच्या आत. विकतचं पीठ नव्वद ते शंभर. ‘ग्राइंडर घ्या’ असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. आम्ही घेतला नाही. महिन्यातून तीन-चारदा इडली-डोसे करणाऱ्या घराला मिक्सर पुरतो, फक्त भांडं तापू द्यायचं नाही. डाळ फ्रिजमधल्या पाण्याने वाटली की फुलून येते. ग्राइंडरमध्ये चारास एक प्रमाण चालतं, मिक्सरला तीनास एक ठेवलेलं बरं.

थंडीत मात्र पिठाने छळलं. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री पारा दहा-बाराला येतो, सकाळी पीठ जसंच्या तसं. मग बंद ओव्हनमध्ये फक्त दिवा लावून ठेवायला लागलो, मीठ आंबल्यावर घालायला लागलो. तरीही वेळेचा भरवसा नाही. विकतच्या पिठाचा एक गुण म्हणून मान्य करतो : पाहुणे येणार म्हटल्यावर ते दगा देत नाही. घरचं चौथ्या दिवशी आंबट होतंच, मग उत्तप्पे किंवा कांदा-मिरची घालून आप्पे.

दह्यात फारसं वाचत नाही. पिशवीतलं साधं दही आणि घरी लावलेलं यात किलोमागे दहा-पंधरा रुपयांचा फरक. चवीसाठी घरी लावतो, पैशांसाठी नाही. ताकाचं खोकं आणि फळांचे छोटे दह्याचे कप हे मात्र शुद्ध लूट आहे.

आता हाताची कामं. सोललेला लसूण मी अजूनही घेतो. शंभर ग्रॅमला वीस-पंचवीस रुपये जास्त पडतात. आई गावाहून आली की विचारते, “लसूण सोलायला गडी ठेवलाय का?” हो, ठेवलाय, आणि स्वस्तात पडतो. पेस्ट घरी करतो, कारण पाकिटातल्या पेस्टमध्ये मीठ, आम्लता नियंत्रक आणि टिकवणारं रसायन असतं नि लसणाचा वास सोडून बाकी सगळे वास येतात. घरची कधी कधी हिरवट होते. ती लसणातल्या गंधकाच्या संयुगांची करामत, खायला काही धोका नाही. तेल घातलेली पेस्ट ओट्यावर ठेवू नका, तो खरा धोका आहे. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवली की एकेक वडी काढता येते.

फ्रोझन पराठ्याचं एक पाकीट फ्रीजरमध्ये असतंच. त्यावर पूर्वी १८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. त्यामुळे मनाची टोचणी जरा कमी झाली. थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट बचत गटाच्या बायकांकडून. धान्यं निवडा, वेगवेगळी भाजा, गिरणीत रांग लावा, एवढं करून जे वाचेल ते वाचवायची माझी तयारी नाही. पोळी-भाजी केंद्रालाही मी या यादीत धरत नाही. तिथे कुणीतरी खरंच पोळी लाटलेली असते.

एकूण हिशोब : महिन्याला बाराशे ते पंधराशे रुपये कमी जातात. निम्म्याहून जास्त वाटा कपातल्या पोहे-उपम्याचा आणि ताकाचा, उरलेला पीठ-मटकीचा. जो सांगेल की याने महिन्याचं वाणसामान निम्म्यावर आलं, तो थापा मारतोय.

आणि याची खरी किंमत पैशांत नाही, लक्षात ठेवण्यात आहे. रात्री साडेदहाला डाळ-तांदूळ भिजवायची आठवण कुणी ठेवायची? पहिले काही आठवडे ती आपोआप बायकोच्या डोक्यावर जाऊन बसली आणि तिने स्पष्ट सांगितलं की वाचलेले पैसे तिच्या खात्यात टाक. तेव्हापासून माझ्या फोनवर ‘भिजव’ नावाचा गजर वाजतो. विसरलं की दहा मिनिटांत घरपोच देणारं ॲप हाताशी असतंच, आणि तिथे तेच पीठ वर डिलिव्हरीचे पैसे लावून येतं. महिन्यातून एखाददा आम्हीही मागवतो.

जानेवारीत मटार चाळीस रुपये किलो झाला तेव्हा हौसेने पाच किलो आणून सगळ्यांनी मिळून सोलले. निम्मं वजन सालांत गेलं, म्हणजे दाणे ऐंशीला पडले. दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात, पुसून पिशव्या भरल्या. विकतचे गोठवलेले मटार दीडशेच्या आसपास, तेव्हा वाचलं नक्कीच. पण आमचा फ्रीजर एवढासा. मटार संपेपर्यंत ना बर्फाचा ट्रे मावला ना आईस्क्रीम. पुढच्या वर्षी दोनच किलो आणणार.