फायरवॉलचा डेमो: लॅपटॉपवर की जुन्या पीसीवर?

नवी मुंबईच्या ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात डेटा सेंटर उभी आहेत. त्यामुळे आमच्या कोपरखैरणेतली डिप्लोमाची मुलं सेमिनार जवळ आला की फायरवॉलचा, म्हणजे नेटवर्कच्या दारावर ये-जा तपासणाऱ्या पहारेकऱ्याचा, डेमो कशावर करायचा, हा प्रश्न हमखास विचारतात. दोन्ही प्रकारे डेमो केलेत, म्हणून सांगतो.

लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका संगणकात अनेक आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) तीन मशीन लागतात: मध्ये फायरवॉल, आत एक क्लायंट, बाहेर एक 'परका'. १६ जीबी रॅम असेल तर निवांत चालतं, ८ मध्ये ओढाताण होते. सगळ्यात मोठा फायदा स्नॅपशॉटचा, म्हणजे मशीनची आधीची स्थिती जपून ठेवण्याचा. चुकीचा रूल (काय जाऊ द्यायचं, काय अडवायचं याचा नियम) टाकून स्वतःच बाहेर अडकलात, तरी मिनिटभरात परत जागेवर. मात्र वॅनचं, म्हणजे फायरवॉलच्या बाहेरच्या बाजूचं, कार्ड व्हर्च्युअलबॉक्सच्या साध्या 'नॅट' सेटिंगवर ठेवू नका, परका तिथवर पोहोचतच नाही. वॅन आणि परका, दोघांनाही एकाच 'नॅट नेटवर्क'वर घ्या आणि वॅनवरचं 'ब्लॉक प्रायव्हेट नेटवर्क्स' काढा. नाहीतर परक्याचा १०.०.२ ने सुरू होणारा खासगी पत्ता तिथेच अडतो आणि तुमचा रूल चालला की नाही, ते कळत नाही.

जुन्या पीसीला दुसरं लॅन कार्ड आणि पाच पोर्टचा स्विच लागतो. कार्ड इंटेल चिपचं घ्या. ओपीएनसेन्स, पीएफसेन्स या फायरवॉल फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात आणि तिथे रिअलटेक कधीकधी त्रास देतं. घरचा राउटर १९२.१६८.१.१ वर असेल, तर आधी फायरवॉलच्या लॅनचा, म्हणजे आतल्या बाजूचा, पत्ता बदला, कारण तिचाही मूळ पत्ता तोच. आमची पहिली अख्खी संध्याकाळ यातच गेली. आणि ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत पीसीचं कॅबिनेट ठाण्यापर्यंत नेणं, हे गृहीत धरा.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात: ओपीएनसेन्स २०१५ मध्ये पीएफसेन्समधूनच वेगळं झालं, रूलची पद्धत जवळपास सारखी. मी ओपीएनसेन्स घेतो; त्याची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, सरळ उतरवता येते.

दोन्हीकडे फजिती होते ती एकाच ठिकाणी. क्लायंटवर ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) पिंग, म्हणजे उत्तर येतं का पाहणारी हाक, चालू ठेवून तुम्ही ब्लॉकचा रूल टाकता, अप्लाय करता, आणि पिंग चालूच राहतं. वर्ग तुमच्याकडे बघत असतो. रूल बरोबर असतो, पण आधी जुळलेलं कनेक्शन स्टेट टेबलमध्ये, म्हणजे चालू कनेक्शनच्या यादीत, नोंदलेलं असतं आणि त्याला नवा रूल लागत नाही. डायग्नॉस्टिक्समधून स्टेट्स रीसेट केले की पिंग थांबतं. ब्लॉकचा रूल आतलं सगळं बाहेर जाऊ देणाऱ्या 'अलाउ लॅन' रूलच्या वर हवा, कारण वरून पहिला जुळतो तोच लागू होतो. पिंग चालूच राहण्याची ही फजिती मुद्दाम दाखवा. स्टेटफुल (जुळलेली कनेक्शन लक्षात ठेवणारी) फायरवॉल म्हणजे काय, ते मुलांना इथे डोळ्यांसमोर दिसतं.

मार्कांसाठी, सरावासाठी लॅपटॉपच घ्या. समोर एखादा दुकानदार किंवा सोसायटीची कमिटी बसणार असेल, तर मी पीसी उचलून नेतो. त्यांना आतली केबल कुठली नि बाहेरची कुठली हे हात लावून दाखवावं लागतं, आणि ते स्क्रीनवरच्या तीन खिडक्यांत जमत नाही.